नगर परिषदेचे पंप, सोलर आणि तलाव: पैसा कुठून उभा करायचा?

पाणीपुरवठा_विभाग

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातली ब वर्ग नगर परिषद, लोकसंख्या 45 हजारांच्या आसपास. हवामान कृती आराखड्याखाली तीन कामे सुचवली आहेत:

1. अशुद्ध पाण्याच्या पंपगृहातले जुने पंप बदलणे. धरणात पाणी असते तेव्हा रोज 6 दशलक्ष लिटर उपसा, 20 तास पंपिंग. एकूण हेड (पाणी चढवायची उंची, पाइपातले घर्षण धरून) 90 मीटर, पंप 167 किलोवॅट ओढतो. उन्हाळ्यात उपसा निम्म्यावर येतो, वर्षाचा हिशेब 1,500 दशलक्ष लिटरपर्यंत जातो.
2. जलशुद्धीकरण केंद्राच्या छतावर 100 किलोवॅट सोलर.
3. गावतलावाचा गाळ काढून सांडवा आणि आवक नाले दुरुस्त करणे.

तिन्ही मिळून एकच प्रकल्प अहवाल करून ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामांसाठीचे कर्जरोखे) किंवा हवामान निधीतून पैसे मागावेत, असा सल्ला मिळाला आहे. स्वनिधी जेमतेम. कोणत्या क्रमाने जावे? एस्को कंपनीला (स्वतःच्या पैशाने ऊर्जा बचतीचे काम करून देणारी) बचतीतला वाटा देऊन पंप बदलता येतील का? आकडे घालून सांगितलेत तर सर्वसाधारण सभेपुढे टिप्पणी ठेवता येईल.

---

मीटर_वाचक

साहेब, आधी पंपाचे आकडे करू, कारण बाकीचे दोन्ही प्रश्न त्याच्यावरच उभे आहेत.

20 तासांत 6 दशलक्ष लिटर म्हणजे तासाला 300 घनमीटर. पाणी चढवायला लागणारी निव्वळ शक्ती काढायची तर प्रवाह गुणिले हेड भागिले 367. म्हणजे 300 × 90 ÷ 367 = 73.6 किलोवॅट. तुम्ही ओढताय 167. एकूण कार्यक्षमता 44 टक्के. निम्म्याहून जास्त वीज इंपेलरची (पंपातल्या फिरत्या चाकाची) झीज, वेअर रिंगमधली फट आणि चार-पाच वेळा रिवाइंड केलेली मोटार यांत जाते. नवा पंप 75 टक्के आणि मोटार 94 टक्के धरली तर एकूण 70.5 टक्के, म्हणजे 104 किलोवॅटमध्ये तेच काम होते.

एका दशलक्ष लिटरला आज 557 युनिट जातात, नंतर 347 जातील. बचत 210 युनिट. वर्षाला 1,500 दशलक्ष लिटर धरले तर 3.15 लाख युनिट. सगळे आकार धरून युनिटला 8 रुपये पडतात असे समजू (तुमच्या 12 महिन्यांच्या बिलांवरून खरा आकडा काढा), म्हणजे वर्षाला 25 लाख. दोन पंपसंच, एक चालू एक राखीव, पॅनेल, कपॅसिटर, व्हॉल्व्ह, बसवणूक असे मिळून 65 लाख धरले तर अडीच-पावणेतीन वर्षांत पैसे वसूल.

आता मेख. हा हिशेब महिन्याच्या बिलावर मांडू नका. 2016 आठवा. मांजरा धरण कोरडे, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी, पहिल्या गाडीत 10 वाघिणी आणि 5 लाख लिटर. तसल्या वर्षी पंपच चालत नाही. बिल आपोआप उतरते आणि कंपनी म्हणते, बघा आमच्यामुळे उतरले. पुढच्या वर्षी धरण भरले की बिल चढते आणि लेखापरीक्षक विचारतो, बचत कुठे गेली? म्हणून मोजमाप नेहमी युनिट प्रति दशलक्ष लिटर असेच ठेवा.

बिलातल्या दोन गोष्टीही बघून घ्या. उच्चदाब जोडणीला 2020 पासून केव्हीएएचवर (फक्त कामी आलेल्या नव्हे, एकूण ओढलेल्या विजेवर) आकारणी आहे, त्यामुळे पॉवर फॅक्टर (त्यातला कामी येणारा भाग) 0.85 असेल तर ते थेट बिलात येते. दुसरी, नवा पंप बसल्यावर करार मागणी (महावितरणशी ठरलेला कमाल भार) कमी करायला महावितरणकडे अर्ज केला नाही तर स्थिर आकार जुन्याच मागणीवर जात राहतो. पण थांबा, हा अर्ज सोलरचा आकार ठरवल्यानंतर करा. नेट मीटरिंगमध्ये (सोलरची वीज बिलातून वळती करण्याच्या पद्धतीत) सोलरची क्षमता करार मागणीपेक्षा जास्त चालत नाही. मागणी आधी सोलरच्या क्षमतेखाली आणली आणि मग सोलरचा अर्ज टाकला तर तो परत येणार.

---

हरित_रोखे

बाँडची कल्पना इतकी वाईट नाही. इंदूर महापालिकेने 2023 मध्ये 244 कोटींचे ग्रीन बाँड थेट लोकांना विकले, जलूदला 60 मेगावॅट सोलरसाठी. कारण तुमचेच, नर्मदेचे पाणी वर चढवण्याची वीज. गाझियाबादने 2021 मध्ये सांडपाण्याच्या तिसऱ्या टप्प्यातील शुद्धीकरणासाठी 150 कोटी उभे केले. पिंपरी-चिंचवडनेही काढले. शिवाय कार्बन क्रेडिट (कमी केलेल्या उत्सर्जनाची विकता येणारी प्रमाणपत्रे) मिळतील ते वेगळे.

---

लेखा_शाखा

उदाहरणे खरी आहेत, पण ती महापालिकांची आहेत आणि आकडे शंभर-दोनशे कोटींचे. इथे तिन्ही कामे मिळून दोन-तीन कोटींवर जाणार नाहीत. रोखे काढायला पतमानांकन, मर्चंट बँकर, विश्वस्त, सूचीकरण असा जो खर्च येतो तो दोन कोटींना काय आणि दोनशे कोटींना काय, फारसा कमी-जास्त होत नाही. सेबीच्या 2015 च्या नियमांत, 2019 च्या दुरुस्तीनंतर, मागच्या तीनपैकी निदान एका वर्षी उत्पन्न-खर्चात शिल्लक असावी आणि मागच्या 365 दिवसांत कर्जफेड थकलेली नसावी असे आहे. त्यासाठी दुहेरी नोंद पद्धतीचे तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद लागतात. ब वर्ग परिषदांपैकी किती जणांकडे ते वेळेवर तयार असतात, ते इथे लिहायला नको.

लहान गावांसाठी बाँडचा एकच मार्ग चालू शकतो, तो म्हणजे सगळ्यांनी मिळून. तामिळनाडूने 13 लहान गावांची पाणी आणि मलनिस्सारणाची कामे एका सामायिक निधीत घालून 30 कोटींचे रोखे काढले होते, 2002-03 च्या सुमारास. पण त्यामागे राज्याने उभारलेली यंत्रणा होती आणि परताव्याला परदेशी संस्थेची अर्धी हमी होती. एकट्या नगर परिषदेने ते जमवायला जाऊ नये.

कार्बन क्रेडिटचे गणित दोन ओळींचे आहे. 3.15 लाख युनिट बचत, युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे 220 टन. टनाला 500 रुपये मिळाले असे धरले तरी 1.1 लाख. नोंदणी आणि पडताळणी करणाऱ्याचे बिल त्याच्यापेक्षा मोठे येते. हे उत्पन्न टिप्पणीत दाखवूच नका.

आता मूळ मुद्दा. तिन्ही कामे एका अहवालात बांधू नका. कामून? तर पंप आणि सोलर पैसे वाचवतात, तलाव वाचवत नाही. तलावाचे काम गरजेचे आहे, कदाचित सगळ्यात गरजेचे. पण त्यातून नगर परिषदेच्या तिजोरीत रुपया येत नाही. ज्यातून पैसे परत येतात त्याला कर्ज किंवा फिरता पैसा घ्यायचा, ज्यातून येत नाहीत त्याला अनुदानच लागते. एकत्र केले की कर्ज देणारा तलाव बघून मागे सरतो आणि अनुदान देणारा म्हणतो, यात उत्पन्न आहे, तुम्ही कर्ज घ्या. फाइल दोन्हीकडून परत.

पंपांसाठी तर बाहेर जायचीच गरज नाही, असे माझे मत. 15व्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या चौकटीत दहा लाखांखालच्या शहरांचा 60 टक्के निधी बंधित (ठरावीक कामांनाच वापरायचा) ठेवला होता. त्यातला अर्धा स्वच्छतेला, अर्धा पिण्याचे पाणी, पाऊस-पाणी साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर यांना. पिण्याच्या पाण्याचा पंप त्यात सरळ बसतो. 65 लाख एका वर्षात निघत नसतील तर पहिल्या वर्षी एक संच, दुसऱ्या वर्षी दुसरा. आयोगाच्या पुढच्या कालावधीतला हप्ता असेल तर बंधित-अबंधितचे त्या वर्षीचे शासन परिपत्रक तेवढे तपासून घ्या.

आणि खरे काम त्यानंतरचे. वाचलेले 25 लाख सर्वसाधारण निधीत विरघळू देऊ नका. सभेचा ठराव असा घ्या: "बचतीची रक्कम, म्हणजे मोजलेले दशलक्ष लिटर गुणिले 210 युनिट गुणिले चालू दर, दरमहा ऊर्जा बचत खात्यात वर्ग करावी, या खात्यातून फक्त ऊर्जा व पाणी बचतीची कामे करावीत." जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहराने 1995 पासून हेच केले आहे. एक खाते इतर खात्यांना बचतीच्या कामाला पैसे देते, ते खाते बचतीतून परतफेड करते, तोच पैसा पुढच्या कामाला फिरतो. दोन वर्षांत सोलरचे निम्म्याहून जास्त पैसे या खात्यातच जमतात. शिवाय उद्या बँक असो की कंपनी, तिला दाखवायला 24 महिन्यांची मोजलेली नोंद तयार असते. लहान परिषदेकडे गहाण ठेवण्यासारखी तीच एक वस्तू.

लोक नागरी पायाभूत विकास निधीचेही नाव घेतात, राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा, 2023-24 पासूनचा. तो कर्जाचा आहे, राज्यामार्फत येतो, प्रकल्प किमान 5 कोटींचा लागतो, शहर 50 हजारांवरचे लागते आणि वीज प्रकल्प त्यात बसत नाहीत. तुमच्यासाठी तिन्ही बाजूंनी बाद.

---

पाणीपुरवठा_विभाग

धन्यवाद, डोक्यातला गोंधळ बराच उतरला. पण बंधित निधी यंदा पाइपलाइनला बांधला गेला आहे. म्हणून एस्कोचा प्रश्न राहतोच. करारात काय घालावे? आणि मीटर_वाचक साहेब, धरणाची पातळी खाली गेली की हेड वाढते. मग युनिट प्रति दशलक्ष लिटर हा आकडा तरी स्थिर कसा राहील?

---

तेरणाकाठ

दुसरी शंका अगदी बरोबर. पातळी 8-10 मीटर खाली गेली की तेवढेच स्थिर हेड वाढते, पंप चांगला असूनही युनिट वाढतात आणि भांडण सुरू. त्यावर उपाय म्हणजे आणखी एक भागाकार. युनिट प्रति दशलक्ष लिटर प्रति मीटर हेड असे माप धरा.

एक दशलक्ष लिटर पाणी एक मीटर चढवायला कागदावर 2.725 युनिट लागतात. तुमचे आज 557 ÷ 90 = 6.19. नवे 3.87 व्हायला पाहिजेत. करारात हमी 4.0 ची घ्या, थोडी मोकळीक देऊन. दुष्काळ असो की महापूर, हा आकडा फारसा हलत नाही. हलला तर दोष पंपाचा किंवा पंप चुकीच्या बिंदूवर चालतोय त्याचा. हेड मोजायला डिलिव्हरीवर चांगला प्रेशर गेज आणि विहिरीत पातळीची पट्टी एवढे पुरते. गेज वर्षातून एकदा कॅलिब्रेट करून घ्या. पंपगृहातला जुना गेज बहुधा एकाच आकड्यावर अडकलेला असतो.

एस्को कराराच्या अटी, माझ्या पसंतीच्या क्रमाने:

मुदत वर्षांत नको, पाण्यात. "6 वर्षे" लिहिले आणि मधली दोन वर्षे धरण रिकामे राहिले तर कंपनी बुडते. कंपनीला हे माहीत असते म्हणून ती आधीच दर फुगवते. "9,000 दशलक्ष लिटर उपसा होईपर्यंत" असे लिहा. चांगल्या पावसात साडेपाच-सहा वर्षांत संपेल, दुष्काळात आठ. जोखीम वाटली जाते आणि बोली खाली येते.

पायाभूत मोजणी तिसऱ्याकडून. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या मान्यताप्राप्त लेखापरीक्षकाने करायची. कंपनीचा माणूस आणि तुमचा अभियंता दोघेही हजर, दोघांच्या सह्या. जुना पंप काढल्यावर पायाभूत आकडा परत कधीच मोजता येत नाही. निम्मी भांडणे इथेच जन्मतात.

वाटणी. 80:20 कंपनीला, परतफेड झाल्यावर सगळी परिषदेला. पण बचतीचे रुपये त्या महिन्याच्या प्रत्यक्ष वीजदराने काढायचे की ठरलेल्या, हे स्पष्ट लिहा. दर वाढले की कंपनी प्रत्यक्ष मागते, उतरले की ठरलेला.

दंड आणि बंद काळ. पंप 48 तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर टँकरचा खर्च कोणाचा? बहुतेक मसुद्यांत हे नसतेच.

पैशाची सुरक्षितता. पाणीपट्टीचे एक एस्क्रो खाते, त्यातून आधी महावितरण, मग कंपनी, उरलेले परिषदेला. पाणीपट्टीची वसुली 40 टक्क्यांखाली असेल तर कंपनी येणार नाही, आली तर 18 टक्के व्याज धरून येईल. त्या स्थितीत सहा महिने थांबून बंधित निधीचा पुढचा हप्ता वापरणे स्वस्त पडते.

एक अप्रिय गोष्ट. 65 लाखांचे काम एस्कोला लहान आहे. मोजणी, करार, कायदेशीर सल्ला यांतच तिचे आठ-दहा लाख जातात आणि ते तुमच्याच बचतीतून. म्हणून जिल्ह्यातल्या परिषदांनी एकच निविदा काढावी. एकट्या धाराशिव जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, मुरूम, कळंब, भूम, परंडा अशा आठ नगर परिषदा आहेत. आठ पंपगृहांची एक निविदा झाली की बोली लावायला माणसे येतात. सोलरचेही तसेच, प्रत्येकी 100 किलोवॅट म्हणजे 800 किलोवॅटचा एक गट. पुढाकार जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगर प्रशासन शाखेने घ्यायचा, ठराव मात्र प्रत्येक सभेचा वेगळा लागतो.

---

मीटर_वाचक

तेरणाकाठ यांचे माप माझ्यापेक्षा बरे, मी मागे घेतो. टिप्पणीत प्रति मीटरवालाच आकडा घाला.

सोलरबद्दल राहिले होते. 100 किलोवॅटला सपाट छत साधारण 1,000 चौरस मीटर लागते. फिल्टर हाउस आणि शुद्ध पाण्याच्या संपाचे छत मिळून तेवढे भरते का बघा, आणि संपाच्या स्लॅबची भारक्षमता आधी तपासून घ्या. आपल्याकडे किलोवॅटला वर्षाला 1,400 युनिट सहज मिळतात, म्हणजे 1.4 लाख युनिट, 11 लाख रुपये. खर्च 50 लाख धरला तर साडेचार वर्षे. पंपापेक्षा हळू, म्हणून क्रम पंप आधी, सोलर नंतर.

सोलरच्या हिशेबात एक खड्डा आहे. एप्रिल-मेमध्ये ऊन सगळ्यात जास्त आणि आपला उपसा सगळ्यात कमी. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात खरे, पण आर्थिक वर्ष संपले की उरलेल्या युनिटला किरकोळ भाव मिळतो. दुष्काळी वर्षात सोलर पाण्यासाठी नव्हे, महावितरणसाठी चालते. त्यामुळे 100 वरून 150 वर जायचा मोह टाळा. वेळेनुसार दर असतील, दिवसा सवलत आणि संध्याकाळी जादा, तर उंच टाक्यांची साठवण वापरून पंपिंग दिवसा सरकवणे हा बिनपैशाचा फायदा. आधी तो घ्या.

पॅनेल बोअरच्या पाण्याने धुऊ नका. आपले पाणी जड, क्षाराचे पांढरे डाग बसले की निघत नाहीत. शुद्धीकरण केंद्रातले नदी-धरणाचे पाणी वापरा, दर पंधरा दिवसांनी, सकाळी काच थंड असताना.

---

लेखा_शाखा

तलावाचे थोडक्यात. 2021 मध्ये सुरू झालेल्या अमृत 2.0 (केंद्राची शहरी पाणी योजना) मध्ये जलस्रोतांचे पुनरुज्जीवन बसते आणि एक लाखाखालच्या शहराला केंद्राचा वाटा निम्मा आहे. नवीन मंजुरी खुली आहे का हे नगर परिषद प्रशासन संचालनालयातून लेखी विचारून घ्या, तोंडी उत्तरावर अहवाल करायला देऊ नका. नसेल तर जिल्हा वार्षिक योजना. गाळासाठी 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' आहे, पण तिथे गाळ नेणारे शेतकरी आधी नोंदवावे लागतात. गाळ काढून काठावर टाकला तर पहिल्या मोठ्या पावसात तो परत आत. सांडव्याचे काम गाळाच्या अंदाजपत्रकात घुसवू नका, त्याला वेगळी तांत्रिक मान्यता लागते.

'माझी वसुंधरा' स्पर्धेतले बक्षीस मिळाले तर उत्तम, पण बक्षिसावर अंदाजपत्रक बांधत नसतात.

हवामान निधीचे म्हणाल तर जागतिक बँक आणि युरोपीय गुंतवणूक बँक चालवतात तो शहरांसाठीचा गॅप फंड 2020 पासून आहे. तो बांधकामाला पैसे देत नाही. अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर तज्ज्ञ देतो, पूर्वव्यवहार्यता तपासायला. दोन कोटींच्या कामाला त्याचा उपयोग नाही. पण आठ परिषदांचा गट झाला आणि त्यात सांडपाण्याचा पुनर्वापर घातला, तर अर्ज करण्याजोगा आकार होतो. ग्रीन क्लायमेट फंडाकडे नगर परिषद थेट जाऊ शकत नाही. नाबार्ड किंवा सिडबीसारख्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत जावे लागते, आणि ते राज्याच्या पातळीवरचे काम आहे.

कर्ज कुठलेही असो, राज्य शासनाची पूर्वमान्यता घेतल्याशिवाय करारावर सही करायची नाही. एस्कोच्या करारात किमान रकमेची हमी घातली तर लेखापरीक्षक त्यालाही कर्ज म्हणू शकतो. म्हणून पैसे फक्त मोजलेल्या बचतीवर.

---

पाणीपुरवठा_विभाग

ठरले. पंप वेगळी टिप्पणी, तलाव वेगळी, सोलर दोन वर्षांनी. लेखापरीक्षक येण्याआधी आमचाच प्रवाह बरोबर आहे का ते कसे ताडून बघू? पंपगृहातले मीटर बंद आहे. भाड्याने आणलेले, पाइपवर बाहेरून लावायचे अल्ट्रासॉनिक मीटर 300 दाखवते.

---

तेरणाकाठ

मीटरच्या आधी पाइपच्या दहा व्यासांइतका आणि नंतर पाच व्यासांइतका सरळ भाग पाहिजे. बेंड किंवा व्हॉल्व्हजवळ लावले असेल तर तो आकडा विसरा. जुन्या बिडाच्या पाइपात आत क्षाराचा थर असतो. मीटरला आतला व्यास मूळ कोष्टकातला दिला की तो प्रवाह जास्त दाखवतो.

ताडून बघायला मीटर लागत नाही. उर्ध्ववाहिनी (पंपापासून वर जाणारी मुख्य पाइप) ज्या टाकीत पडते तिचे आतले माप घ्या. समजा 20 × 15 मीटर, म्हणजे 300 चौरस मीटर. बाहेर जाणारे सगळे व्हॉल्व्ह बंद करा, पंप चालू ठेवा आणि पाणी बरोबर एक मीटर चढायला लागणारा वेळ घड्याळावर घ्या. 57 ते 63 मिनिटे लागली तर तुमचे 300 साधारण पाच टक्क्यांच्या आत बरोबर. 75 मिनिटे लागली तर प्रवाह 240 आहे, पंपाची कार्यक्षमता 44 नव्हे 35 टक्के आहे, आणि वरचे सगळे आकडे नव्याने मांडावे लागतील. हे दोन वेगवेगळ्या दिवशी करा, धरणाची पातळी दोन्ही वेळा लिहून ठेवा.